पाण्याखालचे दात

इंजिनाच्या अगदी खालच्या टोकाला, पंख्याच्या थोडा पुढे, एक चपटा स्क्रू असतो. वर्षभर खाऱ्या पाण्यात राहिल्यामुळे तो सहजासहजी हलत नाही. रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर खाचेत नीट बसवायचा, मागून हातोडीचा एक बेताचा ठोका द्यायचा आणि मग मनगट फिरवायचं. जून-जुलैमध्ये मालवणात आमच्या मेस्त्रींच्या पडवीत हा ठोका सारखा ऐकू येतो. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी. होड्या वर ओढून झावळ्यांखाली घातलेल्या असतात आणि त्यांची आउटबोर्ड इंजिनं उतरवून इथे लाकडी घोड्यांवर एका रांगेत उभी केलेली असतात. बाहेर पाऊस, आत पेट्रोल, ग्रीस आणि वाळलेल्या शेवाळाचा मिसळलेला वास. स्क्रू सुटायला आला की मेस्त्री बोलणं थांबवतात आणि भोकाखाली स्टीलची वाटी धरतात.

वाटीत काय पडतं त्यावर पुढचे कितीतरी दिवस ठरतात. तेल काळपट, दाट, बोटांत घेतल्यावर बुळबुळीत असलं तर प्रश्न नाही, नवं तेल भरलं की झालं. इंजिन बरेच दिवस उभं असेल आणि आत पाणी शिरलेलं असेल तर तेलाच्या आधी पाणीच बाहेर येतं, कारण जड पाणी तळाला जाऊन बसलेलं असतं. आणि चालवल्या चालवल्या उघडलं असेल तर दोन्ही घुसळून एक झालेलं, पांढरट ताकासारखं काहीतरी वाटीत उतरतं. मग मेस्त्री स्क्रूचं टोक उजेडाकडे धरतात. काही इंजिनांत तिथे लोहचुंबक असतं. त्यावर बारीक राखाडी चुऱ्याचा लेप असला तर चालतं, दातांचं तेवढं झिजणं धरलेलंच असतं. बोटाला टोचणारी, चकाकणारी कपची दिसली की काम वाढलं. मालकानं हंगामभर इंजिन किती छान चाललं हे कितीही सांगितलं, तरी मेस्त्री आधी वाटी बघतात. "तेल कधी खोटा बोलणा नाय," असं त्यांचं म्हणणं, आणि ते म्हणता म्हणता त्यांचा हात पान्यांच्या डब्यात गेलेला असतो.

मी मुंबईत राहतो. होडी चुलतभावाची, म्हणजे आमच्या दादाची. इंजिन त्याचं, कष्ट त्याचे, समुद्र त्याचा. माझ्याकडे येते ती यादी. पावसाळा लागला की मेस्त्रींनी पाटीवर खडूनं लिहिलेल्या आकड्यांचा फोटो दादा मला पाठवतो आणि मी ते सामान शोधत मुंबईभर हिंडतो. आरंभी हे मला निरोप्याचं काम वाटायचं. पण जी वस्तू आपण विकत आणतो ती कुठे बसते, कशाला टेकते, ती नसेल तर काय होतं, हे बघावंसं वाटू लागलं आणि रजा काढून मी पडवीत जाऊन बसू लागलो. आता पावसाळ्यातल्या गावच्या फेरीत घरापेक्षा माझा मुक्काम तिथेच जास्त असतो.

आउटबोर्ड म्हटलं की माणसं वरचं झाकण बघतात. झाकणावर कंपनीचं नाव, हॉर्सपॉवरचा आकडा, रंगीत पट्टे. किनाऱ्यावर फुशारकी चालते तीही त्या आकड्याची. होडीला ढकलणारी गोष्ट मात्र खाली पाण्यात असते. वरच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट उभा असतो, त्याला जोडलेला एक लांब दांडा मधल्या पोकळ पायातून खाली उतरतो आणि त्याच्या टोकाला एक लहान तिरक्या दातांचा गिअर असतो, पिनियन. त्याच्या पुढे एक आणि मागे एक, असे दोन मोठे गिअर आडव्या शाफ्टवर समोरासमोर तोंड करून बसलेले असतात. दोघेही पिनियनला कायम लागलेले, त्यामुळे दोघेही कायम फिरत असतात, एक या दिशेनं, दुसरा त्या दिशेनं. शाफ्ट दोघांच्या पोटातून जातो पण दोघांपैकी कुणालाही बांधलेला नसतो. मध्ये सरकणारा एक डॉग क्लच ज्याला जाऊन अडकतो, त्याचं फिरणं शाफ्टला आणि शाफ्टवरच्या पंख्याला मिळतं. म्हणजे होडी पुढे धावत असते तेव्हा मागे नेणारा गिअरही आत उलटा फिरतच असतो, फक्त त्याच्याकडून काम घेतलेलं नसतं. हे सगळं दोन मुठी मावतील एवढ्या अॅल्युमिनियमच्या पोकळीत, तेलात बुडालेलं. आणि त्या पोकळीबाहेर, चहूबाजूंनी, समुद्र.

गिअर असे पाण्याखाली ठेवण्याची मांडणी शंभर वर्षांहून जुनी आहे. ओले इव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला आणि पुढे अमेरिकेत मिलवॉकीच्या उद्योगात शिरलेला, ओतकामाचे पॅटर्न बनवणारा कारागीर. प्रेयसीसाठी तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला तो वल्ही मारत गेला, परत येईपर्यंत उन्हात ते वितळलं आणि म्हणून त्यानं होडीची मोटर बनवली, अशी गोष्ट सांगतात. ती प्रेयसी म्हणजे बेस. पुढे दोघांचं लग्न झालं आणि धंद्यातला पत्रव्यवहार आणि जाहिरात तिनं सांभाळली. 1909 साली त्यांनी विकायला काढलेली मोटर दीड हॉर्सपॉवरची होती आणि वजन 62 पौंड, म्हणजे सुमारे 28 किलो. मला त्या आइस्क्रीमपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं कौतुक वाटतं. इंजिन कोरडं राहायला हवं आणि पंखा ओला, तेव्हा फिरण्याची दिशा कुठेतरी काटकोनात वळवावी लागणारच. इव्हिनरूडच्या मोटरमध्ये ते वळण पाण्याखाली होतं. एक लहानशी कोरडी खोली पाण्यात बुडवायची, तिच्यात दातांना दात लावून फिरवायचे, तिच्या भिंतीतून एक फिरता दांडा बाहेर काढायचा आणि तरी पाणी आत येऊ द्यायचं नाही, असा तो निर्णय होता. मेस्त्रींच्या पडवीत पावसाळाभर जे चालतं ते त्याच निर्णयाचं निस्तरणं आहे.

पंख्याकडून उघडायला सुरुवात होते. नट, वॉशर, पंखा, मग बेअरिंगचं घर, ज्याला सगळे कॅरिअर म्हणतात. ते दोन बोल्टांनी धरलेलं असतं आणि खरी परीक्षा या दोन बोल्टांशी असते. बोल्ट स्टेनलेसचे, गिअरची केस अॅल्युमिनियमची, मध्ये खारं पाणी. अॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी पूड आट्यांत इतकी गच्च भरते की बोल्टाचं डोकं तुटेल पण आटे सुटणार नाहीत. मेस्त्री घाई करत नाहीत. भेदक तेल सोडून रात्रभर ठेवायचं, सकाळी गॅसच्या बर्नरनं बाहेरचं अॅल्युमिनियम तापवायचं, बोल्ट नव्हे. थोडं सोडवायचं, परत थोडं आवळायचं, परत सोडवायचं. जोर कमी आणि वेळ जास्त. आट्यांतून पहिला करकर आवाज आला की पडवीतले सगळे जण मान वर करून बघतात.

या पांढऱ्या पुडीला वेगळी वाट काढून देण्याची युक्ती 1824 सालची आहे. ब्रिटिश नौदलाच्या लाकडी जहाजांच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि ते समुद्रात झिजत. हम्फ्री डेव्हीनं दाखवलं की तांब्याला लोखंडाचा किंवा जस्ताचा तुकडा जोडला तर झिजायचं ते तो तुकडा झिजतो, तांबं शाबूत राहतं. राहिलंही. पण तांबं विरघळायचं थांबल्यावर त्याचं विषही पाण्यात उतरेना आणि शंख-शिंपल्यांनी, शेवाळानं तळ भरून गेला. जहाजं मंदावली. नौदलाला तो उपाय मागे घ्यावा लागला. विद्या मात्र टिकली. आज प्रत्येक आउटबोर्डच्या पायाला जस्ताचा किंवा तशाच मिश्रधातूचा एक तुकडा बसवलेला असतो, अॅनोड, झिजून जाण्यासाठीच केलेला. खडबडीत, अर्धा खाल्लेला अॅनोड दिसला की मेस्त्री खूश होतात. गुळगुळीत आणि कोरा दिसला की त्यांच्या कपाळाला आठी पडते. होडी रंगवताना कुणीतरी त्याच्यावरही हात फिरवलेला असतो आणि रंगाखाली तो मुका झालेला असतो. मग झिजण्याची पाळी केसवर येते.

कॅरिअर निघालं की सील दिसतात. पाणी आत जाण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. ऑइल सील म्हणजे रबराची एक वाटोळी कड, तिच्यामागे तारेची बारीक गोल स्प्रिंग, जी त्या कडेला शाफ्टवर हलकी दाबून धरते. पंख्याकडे असे दोन सील एकामागे एक बसवतात. तेलानं आत राहावं, समुद्रानं बाहेर राहावं, एवढी जबाबदारी या दोन ओठांवर. त्यांचा वैरी म्हणजे मासेमारीचीच नायलॉनची तंगूस. तुटलेल्या जाळ्याचा एखादा धागा पाण्यात तरंगत असतो, पंखा त्याला ओढून घेतो, तो पंख्यामागे शाफ्टवर गुंडाळत जातो, घट्ट होतो, तापतो आणि सीलची कड कापत आत शिरतो. वरून काही दिसत नाही. होडी चालत राहते. मेस्त्रींनी चिमट्यानं ओढून काढलेली तंगूस मी मोजून बघायचं सोडून दिलं आहे, हातभर लांबीचे वेढे निघतात. जे जाळं घर चालवतं त्याचाच तुकडा इंजिन संपवतो, यात दोष कुणाचा काढायचा.

सील बदलून काम भागत नाही, शाफ्ट बघावा लागतो. जिथे रबराची कड टेकलेली असते तिथे चकचकीत पोलादावर एक वाटोळी चर पडलेली असते. नखानं सहज लागते. मेस्त्रींनी मला पहिल्यांदा ती दाखवली तेव्हा माझं बोट धरून तिच्यावरून फिरवलं होतं. "रबरान लोखंड खाल्ल्यान, बघ." देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या भागात पाण्यात वाळू फार. कडेखाली अडकलेले तिचे कण हंगामभर शाफ्ट घासत राहतात. रबर मऊ म्हणून कण त्यात रुततात आणि कड घासकागद होऊन बसते. अशा चरीवर नवा सील बसवला तर पहिल्या दिवसापासून पाझर सुरू. मग तीन वाटा उरतात. नवा शाफ्ट आणायचा, तो महाग. चरीवर पातळ पोलादी बाही चढवायची, ती हव्या त्या मापात मिळायला हवी. नाहीतर कॅरिअरमध्ये जागा असेल तर सील मिलिमीटरभर अलीकडे-पलीकडे बसवायचा, म्हणजे त्याची कड शाफ्टच्या कोऱ्या जागेवर येईल. तिसरी वाट मेस्त्रींना जास्त आवडते. शाफ्टचं आयुष्य त्यांनी असं कितीतरी वेळा वाढवलेलं मी पाहिलं आहे.

यादी माझ्याकडे येते ती या टप्प्यावर. आमच्या किनाऱ्यावर जपानी इंजिनं फार, त्यातही यामाहा जास्त, त्यामुळे त्या कंपनीचे नंबर मला पाठ झाले आहेत. नंबराचे तीन तुकडे असतात. पहिली तीन अक्षरं इंजिन कोणतं ते सांगतात, मधले पाच आकडे भाग कोणता ते सांगतात आणि शेवटचे दोन तो भाग कितव्यांदा सुधारला ते. 44352 म्हणजे पाण्याच्या पंपाचा इम्पेलर. 15 हॉर्सपॉवरच्या इंजिनात तो 63व्ही-44352, त्याहून मोठ्यात 6एच3-44352, पण मधला 44352 जागचा हलत नाही. 45551 म्हणजे पिनियन. 45560 पुढचा गिअर, 45571 मागचा, 45611 पंख्याचा शाफ्ट. 93101 नं सुरू होणारे सगळे ऑइल सील आणि त्यापुढचे दोन आकडे शाफ्टची जाडी मिलिमीटरमध्ये. मेस्त्री शाळेत फार शिकलेले नाहीत. जपानी त्यांनी कधी ऐकलेली नाही. पण जपानात कुणीतरी टेबलाशी बसून घालून दिलेली ही शिस्त त्यांच्या खडूच्या अक्षरांत जशीच्या तशी उतरलेली असते. एकमेकांना कधीही न भेटणाऱ्या दोन माणसांत इतकं स्वच्छ बोलणं होऊ शकतं, याचं मला अजून नवल वाटतं.

कंपनीच्या पाकिटातला भाग मिळाला तर बरंच. तो दर वेळी मिळत नाही, मिळाला तर वेळेत येत नाही, आणि नारळी पौर्णिमा थांबत नाही. मग मी मशीद बंदराजवळ नागदेवी स्ट्रीटला जातो. अरुंद दुकानं, छतापर्यंत लाकडी खण, प्रत्येक खणावर माप. इथे कंपनीचं नाव बाजूला राहतं आणि मापाचं राज्य सुरू होतं. बेअरिंगच्या नंबरातले शेवटचे दोन आकडे पाचानं गुणले की भोकाचा व्यास मिळतो: 6204 म्हणजे 20 मिलिमीटर, 6205 म्हणजे 25, 6206 म्हणजे 30. जगात कुठेही बनलेलं असो, 6205 हे 6205 च. सीलचं तसंच, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. मी खिशातून जुना सील काढून काउंटरवर ठेवतो. दुकानदार व्हर्निअर लावतो, मग कड उलटवून आतली स्प्रिंग बघतो. तिथल्या एका वयस्कर दुकानदारानं मला पहिल्याच भेटीत विचारलं होतं, "पानी में चलेगा क्या?" मी हो म्हटलं. त्यांनी काढून ठेवलेला सील परत खणात टाकला आणि दुसरा आणला. "खारा पानी है तो एसएस स्प्रिंगवाला लो." माप तेच, रबर तेच, दिसायला जुळे. पण साध्या सीलच्या आत साध्या पोलादाची स्प्रिंग असते, खाऱ्या पाण्यात ती गंजते, तुटते आणि कड ढिली पडते. स्वस्त सील विकून ते मोकळे झाले असते. पुढे मी कधी दुसऱ्या दुकानात गेलो नाही.

गिअर नागदेवीला मिळत नाहीत. त्यासाठी रे रोडला दारूखान्यात जावं लागतं, मोडीत निघालेल्या जहाजांच्या आणि लाँचींच्या सामानात. सगळ्याच कंपन्यांची दारं उघडी असतात असंही नाही. ज्या इव्हिनरूडच्या नावानं ही सगळी गोष्ट सुरू झाली त्या नावाची इंजिनं 2020 साली बनायची बंद झाली. पण कारखाना थांबला म्हणून समुद्रावरची इंजिनं थांबत नाहीत. ती एकमेकांच्या भागांवर जगतात. एकाचा वरचा भाग खलास झालेला असतो, त्याचा खालचा दुसऱ्याला जातो. दारूखान्यात गिअर हातात घेतला की मी मेस्त्रींनी शिकवल्याप्रमाणे आधी पुसतो, मग प्रत्येक दाताच्या पाठीवरून नख फिरवतो. खड्डे लागले तर नको. निळसर झाक दिसली तर तो तेलाविना तापलेला आहे, नको. गंजाची आडवी रेघ दिसली तर तो पाण्यात अर्धा बुडून कित्येक महिने उभा होता, तोही नको. चांगला मिळाला तरी एक अट उरते आणि मेस्त्री ती दर वर्षी फोनवर न चुकता बजावतात. "येकटो गियर आणू नको. जोडी मिळाली तरच आण."

याचं कारण मला आकड्यांतून कळलं आणि कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता. त्या 15 हॉर्सपॉवरच्या इंजिनात पिनियनला 13 दात असतात आणि मोठ्या गिअरला 27. तेरा आणि सत्तावीस या दोघांनाही भागणारा एकाखेरीज दुसरा आकडा नाही. म्हणून पिनियनचा एखादा दात मोठ्या गिअरच्या ज्या दाताला एकदा लागला, त्याला परत लागायला पिनियनचे 27 फेरे पूर्ण व्हावे लागतात. मधल्या काळात तो उरलेल्या सव्वीसही दातांना एकेकदा भेटून येतो. त्याऐवजी 26 दात असते तर पिनियनच्या प्रत्येक दाताच्या वाट्याला कायमचे तेच दोन दात आले असते आणि एकातला दोष त्या दोघांनाच पोखरत राहिला असता. तेराला सत्तावीस ठेवल्यामुळे झीज सगळ्यांत वाटली जाते. मिनिटाला 5000 फेऱ्यांवर इंजिन चालत असेल तर कुठलीही एक जोडी मिनिटाला 185 वेळा भेटते. अशा कोट्यवधी भेटींनी दोन गिअर एकमेकांच्या अंगावर बेतले जातात. त्यातला एक काढून परका आणून बसवला तर दोन्ही चांगले असूनही ते गुरगुरतात, आणि थोड्याच दिवसांत दोघांच्या पाठीवर खड्डे पडतात.

डॉग क्लचबद्दल एक गोष्ट मला सुरुवातीला उलटी वाटली होती. यंत्राशी हळुवार वागावं असं आपण धरून चालतो. इथे हळुवारपणा नुकसान करतो. क्लचच्या आणि गिअरच्या तोंडाला चौकोनी खांब असतात, ते एकमेकांत पूर्ण घुसले तरच पकड बसते. दांडा हळूहळू सरकवला तर खांबांची टोकं फिरत्या गिअरवर टकटक आपटत राहतात, कोपरे गोल होतात आणि मग भर धावेत गिअर सुटून बाहेर येतो. पर्यटकांना तारकर्लीला डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या होड्यांत दिवसभर पुढे-मागे, पुढे-मागे चालू असतं, त्यांचे डॉग लवकर जातात. नव्या पोरांना मेस्त्री एकच सांगतात, इंजिन हळू करा आणि मग गिअर खटकन टाका. हातात तो नेमका खटका यायला कुणाला दिवस लागतात, कुणाला वर्ष.

सगळे भाग जमले, धुऊन पुसून वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले की मेस्त्री रेडिओ बंद करतात. आता शिमचं काम. शिम म्हणजे पोलादाच्या पातळ चकत्या, 0.10 मिलिमीटर, 0.12, 0.15, 0.18 आणि मग 0.30, 0.40, 0.50. गिअरच्या मागे किंवा पिनियनच्या वर त्या घालून दातांची जागा जुळवायची. यामाहाच्या मोठ्या इंजिनांच्या केसवर, ट्रिम टॅब बसतो त्या सपाट जागी, पी, एफ, आर अशी अक्षरं आणि त्यांच्यापुढे लहान आकडे ठोकलेले असतात. मला ते आधी कारखान्याचे कसलेतरी शिक्के वाटले. मग मॅन्युअलमध्ये वाचलं. केस ओतल्यावर आणि कातल्यावर कितीही काळजी घेतली तरी ती ठरलेल्या मापापेक्षा केसभर इकडेतिकडे होतेच. ती नेमकी किती चुकली हे मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजून कारखाना तिच्याच अंगावर लिहून ठेवतो. पी पिनियनसाठी, एफ पुढच्या गिअरसाठी, आर मागच्या. जो कुणी पुढे कधीतरी ती उघडेल त्यानं तेवढं हिशेबात धरून शिम निवडावी. दोष झाकलेला नाही, केसही टाकून दिलेली नाही, तिचं वेगळेपण नोंदवून ती कामाला लावलेली आहे. यंत्रांच्या जगात इतकी सभ्य गोष्ट मी दुसरी पाहिलेली नाही.

मॅन्युअल पुढे म्हणतं, आकडा वाचता येत नसेल तर शून्य धरा. आमच्याकडे तो बहुतेकदा वाचता येत नाही. त्याच सपाट जागेवर मीठ चढतं, कुणी रंगाआधी पॉलिश पेपर मारलेला असतो. म्हणून मेस्त्री शून्यापासून सुरुवात करतात आणि उरलेलं दातांना विचारतात. दाताच्या पाठीला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, गिअर लावून फिरवायचे, परत उघडायचे आणि निळा कुठे पुसला गेला ते बघायचं. ठसा दाताच्या मधोमध यायला हवा. टोकाला आला तर टोक तुटेल, बुंध्याला आला तर आवाज करेल. शिम बदलायची, परत लावायचं, परत उघडायचं. एकेका गिअरवर असा अर्धा दिवस जातो आणि त्या अर्ध्या दिवसाचे पैसे मालकाकडून मागताना मेस्त्री नेहमी कमीच सांगतात. मला हे पटत नाही आणि मी त्यांना तसं म्हणतोही.

ठसा बसला की प्ले. दोन दातांमध्ये किंचित मोकळीक लागते. अजिबात नसेल तर गिअर तापल्यावर फुगून एकमेकांत रुततात, तेलाचा थर मध्ये मावत नाही, धातूवर धातू येतो. जास्त असेल तर गिअर टाकताक्षणी दात दातावर आदळतो आणि एक दिवस मोडतो. एका हातानं पंख्याचा शाफ्ट घट्ट धरायचा, दुसऱ्या हातानं उभा दांडा अगदी हलका इकडून तिकडे. आतून टिक-टिक येते. ऐकू येण्याआधी ती हाताला लागते. मी कित्येकदा तो दांडा धरून बसलो आहे. मला टिक कळते, पण ती योग्य की अयोग्य ते अजून सांगता येत नाही.

पुढचं काम भराभर होतं. सायकलच्या पंपानं केसमध्ये थोडी हवा भरून ती पाण्याच्या पिंपात बुडवायची, शाफ्ट फिरवत बुडबुडे येतात का बघायचं. नवा इम्पेलर अर्धचंद्राच्या चावीवर बसवायचा आणि वरचं घर खाली दाबताना दांडा घड्याळाच्या दिशेनं फिरवत राहायचं, म्हणजे रबराची पाती योग्य बाजूला वाकतात. नुसत्या कोरड्यात इंजिन चालू केलं तर हीच पाती काही क्षणांत जळतात, म्हणून त्यांना आधी जरा ग्रीस. तेल भरायचं ते खालच्या भोकातून, वरच्या भोकातून ते बाहेर येईपर्यंत, म्हणजे आतली हवा वर निघून जाते. सर्वांत अवघड शेवटची जोडणी. उभ्या दांड्याचं खाचांचं टोक वरच्या क्रँकशाफ्टमध्ये, पाण्याची नळी तिच्या रबरी गळ्यात, गिअरची सळई तिच्या जागी, तिन्ही एकाच वेळी शिरायला हवेत. एक जण खालून उचलून धरतो, दुसरा वरून फ्लायव्हील बोटभर फिरवतो. बसत नाही, बसत नाही, आणि मग एकदम सगळं वर सरकतं आणि दोघंही हसतात.

गेल्या पावसात मेस्त्रींनी आपल्या भाच्याला हाताखाली घेतलं. पॉलिटेक्निक झालेला मुलगा, मोबाइलवर मॅन्युअल उघडूनच बसतो, आणि ते बरंच आहे. एका इंजिनाचा पुढचा गिअर लावून झाला होता. मुलगा कपाटातून डायल गेज आणायला उठला तसं मेस्त्रींनी त्याला बसवलं. "आदी हातान सांग, मगे डायल लाव." त्यानं डोळे मिटले, दांडा हलवला, परत हलवला. "जरा जास्त वाटता." मेस्त्री काही बोलले नाहीत. डायल लावल्यावर काटा मापाच्या वरच्या हद्दीला टेकला. मुलगा आकड्याकडे, मग दांड्याकडे बघत राहिला, मग त्यानं शिमच्या पुड्या चाळून एक निवडली, बोटांत धरून तिची कड पुसली आणि न विचारता केस परत उघडायला घेतली. मेस्त्री तोवर पुढच्या घोड्याकडे वळले होते. तिथे वेंगुर्ल्याहून टेम्पोतून आणलेलं इंजिन उतरवून ठेवलेलं होतं आणि त्याचा मालक छत्री मिटत सांगायला लागला होता, "पाणी बरा मारता, आवाज नाय, फक्त रिव्हर्स धरणा नाय."